युरिक अ‍ॅसिड पुन्हा पुन्हा मोजावे का?

दांडियाबाजारकर
बडोद्यात हल्ली ‘फुल बॉडी चेकअप’च्या प्रत्येक रिपोर्टमध्ये युरिक अ‍ॅसिडचा आकडा ठळक अक्षरांत छापून येतो आणि तो साडेसातच्या घरात दिसला की धडधाकट माणूस डाळभात सोडून बसतो. माझे मत स्पष्ट आहे. गाउटने, म्हणजे युरिक अ‍ॅसिडमुळे होणाऱ्या संधिवाताने, पायाचा अंगठा सुजला तर दुखण्याची गोळी घ्यावी आणि सूज उतरली की विसरून जावे. दर काही महिन्यांनी रक्त देऊन आकड्याची पूजा करण्यात लॅबचे भले आहे, रुग्णाचे नाही. ठरावीक पातळी गाठेपर्यंत मोजत राहावे असे सांगण्याइतका पुरावा नाही, हे अमेरिकेतील फिजिशियनांच्या संघटनेनेही २०१६ साली मान्य केले आहे.

सुरसागरकाठी
आपले मत वाचून राहवले नाही, म्हणून सविस्तर लिहिते. ज्याला कधीही त्रास झालेला नाही पण आकडा वाढलेला आहे, आणि ज्याला गाउटचे झटके येतात, अशा दोन वेगळ्या माणसांना आपण एकाच पंगतीत बसवले आहे. पहिल्याला केवळ आकड्यापायी औषध देऊ नये, हे तज्ज्ञही सांगतात, कारण अशा बहुतेकांना गाउट कधीच होत नाही. दुसऱ्याची गोष्ट निराळी आहे. रक्तातील पातळी दर डेसिलिटरला साधारण ६.८ मिलिग्रॅमच्या वर राहिली की युरेटचे, म्हणजे युरिक अ‍ॅसिडच्या क्षाराचे, स्फटिक सांध्यात साचू लागतात, आणि सूज उतरल्यानंतरही ते तिथेच असतात. दुखण्याच्या गोळीने ठणका थांबतो, स्फटिक विरघळत नाहीत.

आमच्या घरी यजमानांनी नेमके आपलेच तत्त्व कित्येक वर्षे पाळले. परिणामी कोपरावर आणि कानाच्या पाळीवर गाठी आल्या, आणि वेदनाशामकांच्या सततच्या माऱ्याने मूत्रपिंडांवरचा ताण दाखवणारे क्रिएटिनीन वाढले. पुढे अ‍ॅलोप्युरिनॉल हे युरिक अ‍ॅसिड कमी करणारे औषध सुरू झाले, तेही १०० मिलिग्रॅमपासून. ते हळूहळू वाढवत न्यायचे असते. आता मला सांगा, पातळी ६च्या खाली आली की नाही हे मोजल्याशिवाय डोस कुठे थांबवायचा, हे डॉक्टरांनी कुंडली पाहून ठरवावे काय? आपण ज्या संघटनेचा दाखला देता तिने पुरावा अपुरा असल्याचे म्हटले होते, मोजणे व्यर्थ असल्याचे नव्हे. अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०२० साली ६च्या खालचे लक्ष्य ठेवून उपचार करण्याची ठाम शिफारस केली, हे आपण सोयीस्करपणे वगळले.

दांडियाबाजारकर
ताई, आपली लॅबविषयीची कळकळ पाहता आपण त्याच व्यवसायात असाव्यात असे वाटते.

सुरसागरकाठी
मी आयुष्यभर शाळेत गणित शिकवले. मुद्दा संपला की माणसे हेतूवर घसरतात, हे मात्र मी वर्गातही पाहिले आहे.

आमटीभक्त
आपल्या दोघांचे भांडण चालू द्या. माझी तुरीची आमटी कोणत्या आधारावर बंद झाली, याचे उत्तर मला आधी हवे आहे. आमच्या घरी रिपोर्ट आल्यापासून वरण, पालक, मटकी, एवढेच नव्हे तर सेव-उसळही हद्दपार झाली आहे. अमेरिकेत सुमारे ४७ हजार पुरुषांची १२ वर्षे पाहणी झाली आणि २००४ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मांस, मासे आणि बिअर यांनी गाउटचा धोका वाढतो, प्युरीन (ज्यापासून शरीरात युरिक अ‍ॅसिड बनते ते द्रव्य) असलेल्या भाज्या आणि कडधान्यांनी वाढत नाही, आणि दूध-दह्याने तर तो कमी होतो, असे त्यात आढळले. तरीही सारे खापर डाळीवरच फुटते.

कारेलीबागवासी
बिअरचा मुद्दा दारूबंदीच्या राज्यात काढणे म्हणजे शब्दांचा अपव्यय आहे.

आमटीभक्त
दमणला जाणाऱ्या गाड्या शनिवारी रिकाम्या धावतात असे आपल्याला सुचवायचे आहे काय? आणि बिअर राहू द्या. त्याच पाहणीतून २००८ साली असेही दिसले की साखर घातलेल्या शीतपेयांनी धोका वाढतो. आमचे चिरंजीव मला वरण नाकारतात आणि स्वतः लिटरभर कोला रिचवतात.

कारेलीबागवासी
आपण पुस्तकी पाहण्या सांगता, मी अनुभव सांगतो. राजम्याच्या जेवणानंतर माझ्या थोरल्या बंधूंचा अंगठा हमखास सुजतो. त्यांना आपण कोणता आलेख दाखवणार?

आमटीभक्त
थोरल्या बंधूंना रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू आहे का, ते आधी विचारा. थायाझाइड गटाच्या गोळ्यांनी युरिक अ‍ॅसिड वाढते. राजम्याचा दिवस लक्षात राहतो, रोजची गोळी राहत नाही.

कारेलीबागवासी
गोळी चालू आहे, हे मान्य करतो. राजमा निर्दोष ठरला, हे मात्र मान्य करत नाही.

सुरसागरकाठी
पथ्याने पातळी थोडीच खाली येते, कारण युरिक अ‍ॅसिडचा मोठा भाग शरीर स्वतःच तयार करते आणि बहुतेक रुग्णांत मूत्रपिंडे ते पुरेसे बाहेर टाकत नाहीत. म्हणून डाळीवरचा हा खटला थांबवून मूळ प्रश्नाकडे यावे. इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे झालेला प्रयोग २०१८ साली प्रसिद्ध झाला. नर्सनी पातळी मोजत, डोस वाढवत ज्यांची काळजी घेतली, त्यांपैकी ९५ टक्के रुग्ण दोन वर्षांनी लक्ष्याखाली होते. नेहमीच्या पद्धतीने उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ३० टक्के होते, आणि त्यांना दुसऱ्या वर्षी झटकेही अधिक आले.

दांडियाबाजारकर
प्रयोग मी वाचला आहे. त्या नर्स रुग्णासमोर बसून आजार समजावून सांगत होत्या, औषध का सोडू नये हे पटवत होत्या. श्रेय त्या समजावण्याचे की सुईचे? आपल्याकडे डॉक्टर दोन मिनिटे देतात आणि रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर येतो. औषध सुरू झाल्यावर पहिले काही महिने झटके वाढू शकतात, हेही कोणी सांगत नाही. माझ्या शेजाऱ्यांनी त्याच कारणाने गोळी फेकून दिली.

सुरसागरकाठी
समजावण्याचा वाटा मोठा आहे, हे मी नाकारत नाही. म्हणूनच सुरुवातीला काही महिने सोबत कोल्चिसिन हे झटके रोखणारे औषध देतात. परंतु त्या नर्सही डोस आकडा पाहूनच वाढवत होत्या.

दांडियाबाजारकर
बरे. ज्याला गाउट आहे आणि औषध चालू आहे, त्याने डोस ठरेपर्यंत काही आठवड्यांनी आणि मग वर्षातून एक-दोनदा मोजावे, एवढे आपल्या समाधानासाठी मान्य करतो. निरोगी माणसाच्या पॅकेजमध्ये ही तपासणी कोंबण्याला माझा विरोध कायम आहे. आणि जाता जाता सांगतो, गेल्या महिन्यात माझा अंगठा लालबुंद सुजला असताना पातळी ५.९ आली. आता आपल्या आकड्याने यावर काय म्हणावे?

सुरसागरकाठी
काका, ऐन झटक्यात पातळी तात्पुरती उतरू शकते, त्यामुळे त्या रिपोर्टवरून गाउट नाही असे ठरत नाही. सूज ओसरून किमान दोन आठवडे झाल्यावर पुन्हा तपासा, आणि त्याच रक्तात क्रिएटिनीनही करून घ्या.

दांडियाबाजारकर
म्हणजे शेवटी लॅबमध्येच पाठवलेत.

आमटीभक्त
जाण्याआधी वरण खाऊन जा.