मदत हवी आहे: थोरली रोज उशीखाली पोळी ठेवते

नमस्कार मंडळी. दीड महिन्यापूर्वी कारामार्फत (दत्तक देण्याचं काम पाहणारी केंद्र सरकारची संस्था) आमच्याकडे दोन भावंडं दत्तक आली, मुलगी सात वर्षांची, मुलगा चार. धाकटा रुळला, दिवसभर आजीच्या मागे मागे. थोरली मात्र रात्री अर्धी पोळी उशीखाली ठेवते (मुंग्या होतात ते वेगळंच!) आणि भावाला भरवल्याशिवाय स्वतः घास घेत नाही. मी भरवायला गेले की ताटली ओढून घेते. मी रागावले नाही; खालच्या फळीवर हाताला येईल असा लाडवांचा डबा ठेवलाय. तरी पोळी जातेच. सासूबाई म्हणतात, सवय मोड. मला वाटतं, राहू दे. समाजसेविकेची सहामाही भेट अजून लांब आहे. भावंडं एकत्र दत्तक घेतलेल्यांनी सांगा ना, तिच्या डोक्यावरचं हे आईपण कसं उतरवलंत?