चर्चा बंद असली तरी यादी जातेच
भारत-पाकिस्तानातली राजकीय चर्चा थांबली की संपर्कच संपतो, हे मत बरेच जण मांडतात, पण मला पटत नाही. १९८८ च्या करारानुसार दोन्ही देश दर १ जानेवारीला आपापल्या अणुप्रकल्पांची यादी एकमेकांना देतात, त्यांच्यावर हल्ला होऊ नये म्हणून. हे १९९२ पासून चालू आहे. कारगिलनंतर, पुलवामानंतरही त्यात खंड पडला नाही.

मला खरी काळजी वाटते ती चुकून घडणाऱ्या प्रकारांची. ९ मार्च २०२२ ला आपलं क्रूझ क्षेपणास्त्र (विमानासारखं कमी उंचीवरून उडत जाणारं) चुकून सुटलं आणि पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ पडलं. नशिबाने कुणी दगावलं नाही, पण भारताने जाहीर कबुली दिली ती ११ मार्चला! क्षेपणास्त्र चाचण्यांच्या पूर्वसूचनेचा २००५ चा करार आहे, पण तो फक्त बॅलिस्टिक, म्हणजे उंच कमानीत जाऊन खाली येणाऱ्या क्षेपणास्त्रांपुरता. क्रूझ त्यात नाहीत. ती आधी त्यात आणा, शिखर परिषदेची वाट न बघता.