प्रश्न क्र. १४ : भारतीय हॉकीतला सर्वश्रेष्ठ फॉरवर्ड

प्रेषक: सुहास
विषय: प्रश्नमंजुषा, प्रश्न १४ वर हरकती

मंडळी,
प्रश्नमंजुषेचा कच्चा मसुदा परवा यादीवर टाकला. त्यातल्या १४व्या प्रश्नावर, म्हणजे "भारतीय पुरुष हॉकी संघाच्या इतिहासातला सर्वश्रेष्ठ फॉरवर्ड कोण?" यावर, तिघांनी हरकत घेतली आहे. मी उत्तर "ध्यानचंद" असं लिहिलं होतं. ज्यांना काही म्हणायचं आहे त्यांनी इथेच सविस्तर लिहावं, वैयक्तिक मेल नकोत. आकडे देताना पक्के असतील तेच द्या.
सुहास

---

प्रेषक: मेधा
विषय: उत्तर: प्रश्न १४

सुहास,
हरकत घेणाऱ्यांत मी एक. माझं मत बलबीरसिंग सीनियर.

नुसत्या गोलांच्या बेरजेने हा वाद सुटत नाही. एकेका स्पर्धेत समोरचे संघ इतके दुबळे होते की बेरीज फुगते. म्हणून मी दुसरं माप लावते: संघाच्या एकूण गोलांपैकी त्या माणसाचे किती.

१९२८, ॲमस्टरडॅम: भारताचे ५ सामन्यांत २९ गोल, एकही गोल खाल्ला नाही. ध्यानचंद यांचे १४. म्हणजे ४८ टक्के.
१९३२, लॉस एंजेलिस: संघ तीनच. जपानवर ११-१, अमेरिकेवर २४-१. एकूण ३५, त्यात ध्यानचंद १२. म्हणजे ३४ टक्के.
१९५२, हेलसिंकी: ऑस्ट्रिया ४-०, ब्रिटन ३-१, नेदरलँड्स ६-१. एकूण १३, त्यात बलबीर ९. म्हणजे ६९ टक्के. उपांत्य सामन्यातले तिन्ही गोल त्यांचे आणि अंतिम सामन्यातल्या ६ पैकी ५ त्यांचे. पुरुषांच्या ऑलिंपिक अंतिम सामन्यात एका खेळाडूचे ५ गोल हा विक्रम आजही उभा आहे.

१९४८ तर आयता पुरावा आहे. लंडनला बलबीर दोनच सामने खेळले. अर्जेंटिनावर भारताने ९ गोल केले, त्यातले ६ त्यांचे. अंतिम सामन्यात ब्रिटनवर ४-०, त्यातले २ त्यांचे. मधल्या काळात ते संघाबाहेर होते. तेव्हा स्पेनवर २-० आणि उपांत्य सामन्यात नेदरलँड्सवर जेमतेम २-१. ऑस्ट्रियावरचे ८ गोल सोडले तर त्यांच्याविना आघाडी आटलेली दिसते.

तीन ऑलिंपिक, ८ सामने, २२ गोल.
मेधा

---

प्रेषक: विनायक
विषय: उत्तर: उत्तर: प्रश्न १४

> संघाच्या एकूण गोलांपैकी त्या माणसाचे किती

मेधाताई, आकडे बरोबर आहेत, पण माप उलटं धरलं आहे. सेंटर फॉरवर्डचा वाटा कमी निघाला म्हणजे तो कमी पडला असं नाही. १९३२ मध्ये अमेरिकेविरुद्धच्या २४ गोलांत रूपसिंग यांचे १० आणि ध्यानचंद यांचे ८. पूर्ण स्पर्धेत रूपसिंग १३, ध्यानचंद १२. मधे उभ्या असलेल्या माणसापेक्षा त्याच्या डाव्या हाताच्या लेफ्ट-इनचे गोल जास्त. चेंडू मध्यभागी अडकून राहत असता तर हे घडलंच नसतं.

हे समजायला तेव्हाचा ऑफसाइड नियम डोळ्यांसमोर हवा, कारण आजच्या हॉकीत तो अजिबात नाही आणि नव्या प्रेक्षकाला त्याची कल्पना येत नाही. नियम असा: प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्या भागात तुम्ही चेंडूच्या पुढे असाल, तर पास निघण्याच्या क्षणी तुमच्या आणि गोलरेषेच्या मधे किमान तीन प्रतिस्पर्धी हवेत. गोलरक्षक धरून तीन. १९७२ मध्ये हे तिघांचे दोघे झाले.

आता रचना पाहा. मागे दोन फुलबॅक, मधे तीन हाफ, पुढे पाच: राइट-आउट, राइट-इन, सेंटर, लेफ्ट-इन, लेफ्ट-आउट. समोरच्या संघाने काय करायचं? दोन फुलबॅकपैकी एकाला मैदानाच्या मध्याजवळ पुढे उभं करायचं, दुसऱ्याला मागे. पुढच्या फुलबॅकला ओलांडून तुम्ही उभे राहिलात की तुमच्या पुढे उरले दोनच, दुसरा फुलबॅक आणि गोलरक्षक. ऑफसाइड. म्हणजे एका माणसाच्या दोन पावलांत पाचजणांची फळी बाद होते.

यातून सुटायच्या वाटा दोनच. पहिली: राइट-आउट किंवा लेफ्ट-आउटने चेंडू घेऊन थेट गोलरेषेपर्यंत जायचं आणि तिथून मागे ओढून द्यायचा. तेव्हा बाकीचे सगळे चेंडूच्या मागे असतात, त्यामुळे ऑफसाइडचा प्रश्न मिटतो. १९३६ च्या फळीत उजवीकडे शहाबुद्दीन आणि डावीकडे जाफर याच कामाला होते. दुसरी वाट अवघड: सेंटर फॉरवर्डने चेंडू स्वतःकडे ठेवत पुढच्या फुलबॅकला टॅकलला बोलवायचं, त्याची स्टिक खाली आली की त्याच क्षणी शेजारच्या इनला आडवा पास. पास अर्धा सेकंद लवकर गेला तर फुलबॅक अजून उभा असतो आणि पास अडतो. उशिरा गेला तर इन धावत चेंडूच्या पुढे निघून गेलेला असतो आणि पंचाची शिट्टी वाजते. हे अंतर ज्याला कळतं तो सेंटर फॉरवर्ड. ध्यानचंद यांची थोरवी मी या कामात पाहतो. गोल हा त्याचा शेवटचा भाग.

फुलबॅकला चुकवण्याचं तंत्रही सांगतो, कारण "जादू" म्हटलं की लोक तिथेच थांबतात. हॉकीत स्टिकची सपाट बाजूच वापरता येते. बचाव करणाऱ्याची उजवी बाजू बळकट, डावी दुबळी, कारण तिकडे त्याला स्टिक उलटी करून पोचावं लागतं. म्हणून हल्ला करणाऱ्याने चेंडू आधी आपल्या डावीकडे, म्हणजे त्याच्या बळकट बाजूला, दाखवायचा. त्याचं वजन त्या पायावर आलं की चेंडू ओढून आपल्या उजवीकडून काढायचा. चेंडू स्टिकपासून वीतभर लांब गेला तरी डाव फसतो, कारण गवतावर तो उसळी घेतो आणि परत ताब्यात घ्यायला एक पाऊल जास्त लागतं. शरीर मधे घालून चेंडू झाकताही येत नाही, तो अडथळ्याचा फाउल.

विनायक

---

प्रेषक: केदार
विषय: धनराज पिल्लै

विनायककाका, मेधाताई,
दोघांचंही लिखाण पटलं, पण दोघंही गवतावरच थांबलात. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून खेळ कृत्रिम टर्फवर गेला आणि फॉरवर्डचं कामच बदललं. त्या नव्या खेळात भारताने दिलेला सर्वांत मोठा फॉरवर्ड खडकीचा धनराज पिल्लै, असं माझं म्हणणं आहे.

टर्फवर चेंडू सरळ आणि वेगात घरंगळतो. ट्रॅप करायला, म्हणजे स्टिकने थांबवायला, वेळ लागत नाही, म्हणून लांब पास चालतात आणि बचावफळीला सावरायला क्षणभरही मिळत नाही. उलट बाजूने पाहिलं तर स्टिकला चिकटवून चेंडू नेण्याचा आपला जुना फायदा निम्मा झाला, कारण समोरचाही तितक्याच सहज चेंडू ताब्यात घेतो. अशा मैदानावर फॉरवर्डला पूर्ण वेगात धावताना चेंडू हाताळता यायला हवा. धनराज मैदानाच्या मध्यापासून चेंडू घेऊन निघायचा. या धावेत चेंडू उजव्या पायाच्या किंचित पुढे आणि बाहेर ठेवावा लागतो. पायाजवळ आला तर पाऊल अडखळतं आणि नजर खाली जाते. फार पुढे गेला तर टॅकलवाला एका हाताने स्टिक टाकून काढून घेतो.

अशी धाव फसते कशी, तेही लिहितो. बचाव करणारा थेट टॅकल करतच नाही. तो मागे सरकत तुम्हाला कडेच्या रेषेकडे ढकलत नेतो. तोवर साथीला कुणी पोचलेलं नसतं, आणि 'डी'मध्ये शिरताना कोन इतका अरुंद होतो की मारायला जागा उरत नाही. गोल तर फक्त 'डी'च्या आतून मारलेला धरतात, म्हणजे १४.६३ मीटरच्या त्या कमानीत शिरणं भागच आहे. धनराज कितीतरी वेळा एकटाच तिथवर पोचलेला दिसतो, याचं कारण मला मागून येणाऱ्यांच्या वेगात दिसतं.

आणि आणखी एक गोष्ट. टर्फवर 'डी'त शिरलेल्या फॉरवर्डचं निम्मं काम गोल मारण्याचं नसतं. बचाव करणाऱ्याच्या पायावर चेंडू मारून पेनल्टी कॉर्नर मिळवणं हेही त्याचंच काम. तो कॉर्नर दुसराच कोणी मारतो आणि गोल त्याच्या नावावर लागतो. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये भारताचे सर्वाधिक १० गोल हरमनप्रीतसिंगचे होते आणि तो बचावपटू आहे. मेधाताईंचं टक्केवारीचं माप या काळाला लावलं तर फॉरवर्ड दिसेनासाच होईल.

धनराजच्या चारही ऑलिंपिकमध्ये भारत सातवा, आठवा, सातवा, सातवा आला, हे मान्य. पण १९९४ च्या सिडनी विश्वचषकानंतरच्या जागतिक अकरांत भारताचा तो एकटाच होता. १९९८ ला बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत त्याच्या नेतृत्वाखाली ३२ वर्षांनी सुवर्ण आलं. २००३ मध्ये आशिया चषकही. चार ऑलिंपिक, चार विश्वचषक, चार आशियाई स्पर्धा, चार चॅम्पियन्स ट्रॉफी. आणि नियमांची दोन युगं: बार्सिलोनाला ऑफसाइड होता, सिडनी आणि अथेन्सला नव्हता.
केदार

---

प्रेषक: मेधा
विषय: उत्तर: धनराज पिल्लै

केदार, पेनल्टी कॉर्नरचा मुद्दा मान्य. माझं माप फक्त गवताच्या काळापुरतं ठेवते.

विनायकराव, तुमच्या पासच्या मुद्द्यावर मात्र विचारते: १९५२ ला बलबीर यांच्या बाजूला कुंवर दिग्विजयसिंग 'बाबू' आणि उधमसिंग होते. पास देणारे इतके उत्तम असताना शेवटचा स्पर्श पुन्हा पुन्हा एकाच माणसाकडे यावा, हीसुद्धा जागा ओळखण्याची कला नाही का? ऑफसाइड तेव्हाही तीन माणसांचाच होता.

---

प्रेषक: विनायक
विषय: उत्तर: उत्तर: धनराज पिल्लै

आहे, निःसंशय आहे. गोलासमोर बलबीर ध्यानचंद यांच्या तोडीस तोड होते, हे मी लिहून देतो. फरक मला दिसतो तो सामना अडकल्यावर. बर्लिनचा अंतिम सामना घ्या, १५ ऑगस्ट १९३६. आधीच्या सराव सामन्यात जर्मनांनी ४-१ ने हरवलेलं. त्यानंतर तार करून दारा यांना बोलावलं, ते विमानाने आले आणि उपांत्य सामन्यापासून राइट-इनला खेळले. अंतिम सामन्याच्या दिवशी मैदान पावसाने ओलं. मध्यंतराला फक्त १-०.

ओल्या गवतावर काय होतं? चेंडू जड होतो आणि छोटा पुश पास अर्ध्यात मरतो. आपला सगळा खेळ छोट्या पासचा. खिळ्यांचे बूट चिखल धरतात, वळताना पाय मागे राहतो. दुसऱ्या सत्रात ध्यानचंद यांनी बूट काढले, आणि सामना ८-१ असा संपला. कर्णधार तेच. मागून चेंडू पुरवणाऱ्या हाफच्या फळीत आपले बाबू निमल होते, हेही इथे नोंदवतो.

सुहास, एक सावधगिरी. या सामन्यात ध्यानचंद यांचे गोल किती, यावर याद्या जुळत नाहीत. कुठे ३ आहेत, कुठे ६. त्यामुळे त्यांच्या तीन ऑलिंपिकच्या बेरजाही वेगवेगळ्या सापडतात. ती बेरीज प्रश्नात घालू नकोस. १९२८ चे १४ आणि १९३२ चे १२ निर्धास्त घाल.

केदार, धनराजबद्दल तू लिहिलंस ते पुन्हा वाचलं. दुबळ्या संघातल्या फॉरवर्डला वेगळं माप लागतं, हे खरं.

---

प्रेषक: अश्विनी
विषय: उत्तर: प्रश्न १४

नमस्कार,
थोडक्यात. मोहम्मद शाहिद यांचं नाव कुणीच कसं घेतलं नाही? १९८० च्या मॉस्को सुवर्णपदकाच्या संघातले फॉरवर्ड. गवतावरचं ड्रिबल टर्फवर नेऊन दाखवणारे तेच. केदारचा मुद्दा "जुना फायदा निम्मा झाला" हा शाहिद यांना लागू होत नाही. अर्धा पुश, अर्धा हिट अशा त्यांच्या फटक्यात स्टिक मागे जातच नाही, त्यामुळे बचावाला इशारा मिळत नाही.

आणि प्रश्न फक्त पुरुष संघाचा का? टोकियोला वंदना कटारियाने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल केले. ऑलिंपिकमध्ये भारतीय महिलेची ती पहिली हॅटट्रिक. तो सामना ४-३ असा संपला, म्हणजे तिच्या एकेका गोलाला किती मोल होतं ते पाहा. राणी रामपालने २०१० चा विश्वचषक पंधराव्या वर्षी खेळून ७ गोल केले. एक प्रश्न त्यांच्यावर हवाच.

---

प्रेषक: सुहास
विषय: प्रश्न १४, अंतिम मसुदा

सर्वांचे आभार. "सर्वश्रेष्ठ कोण" हा प्रश्न काढून टाकला आहे. त्याजागी पुढचे चार:

१४अ. ऑलिंपिक पुरुष हॉकीच्या अंतिम सामन्यात एका खेळाडूचे सर्वाधिक गोल किती, कुणाचे आणि कोणत्या साली? (५, बलबीरसिंग सीनियर, १९५२)
१४आ. १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये भारताकडून ध्यानचंद यांच्यापेक्षा एक गोल जास्त करणारा खेळाडू कोण? (रूपसिंग)
१४इ. १९९८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय पुरुष हॉकी संघाचा कर्णधार कोण? (धनराज पिल्लै)
१४ई. ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारी पहिली भारतीय महिला हॉकीपटू? (वंदना कटारिया)

विनायककाका, तीन माणसांच्या ऑफसाइडची आकृती काढून द्याल का? १४आ नंतर पडद्यावर दाखवू. अश्विनी, शाहिद यांच्यावरचा प्रश्न मला सुचला नाही, तू लिहून पाठव.
सुहास