प्रेम असेल तर सरावाची सक्ती कशाला?

मोकळासूर : वेळ लावून गिटार वाजवणं ही कारकुनी झाली. जिच्यावर प्रेम आहे ती गोष्ट मनात येईल तेव्हाच करावी. कलेत स्वातंत्र्य हवं, हजेरीपट नको.

तंतू : असल्या सल्ल्यांमुळेच वाद्यं खोळीत पडून राहतात, म्हणून सविस्तर लिहितोय. मनात येईल तेव्हा वाजवणारा जे येतं तेच वाजवतो. एफ बार कॉर्डकडे, म्हणजे तर्जनीने सगळ्या तारा एकदम दाबून धरायच्या त्या स्वरमेळाकडे, मन आपणहून वळत नाही. तिथे तर्जनी सपाट टेकवली की बोटाच्या पेरांतल्या खळग्याखाली तार बुजते. बोट अंगठ्याकडच्या हाडाळ कडेवर किंचित कलवा, फ्रेटच्या, म्हणजे दांड्यावरच्या धातूच्या पट्टीच्या, लगत आणा आणि सहाही तारा एकेक छेडून ऐका. मग मेट्रोनोम (ठरावीक वेगाने ठोके देणारं यंत्र) ५० वर, म्हणजे मिनिटाला ५० ठोक्यांवर ठेवून दर चार ठोक्यांना कॉर्ड बदला, सी-एफ-सी. सलग पाच वेळा स्वच्छ आलं तर ४ ने वाढवा, दोनदा फसलं तर ८ ने उतरा. दहा मिनिटं पुरतात. दर वेळी गाणं पहिल्यापासून वाजवाल तर मुखडा घोटून होईल आणि अडलेली जागा अडलेलीच राहील. बोटं अडखळत असताना कसलं स्वातंत्र्य?

लयवेडी : बाकी मान्य, पण मेट्रोनोम हा सगळ्यावरचा इलाज नाही! ठोक्याला टेकून वाजवणाऱ्यांची लय ठोका बंद होताच पळते. जर्मन संगीतकार बीथोव्हेनने १८१७ मध्ये आपल्या आठ सिंफनींचे मेट्रोनोमचे आकडे छापले, पण त्याच सुमाराच्या एका गाण्याच्या हस्तलिखितावर त्यानेच लिहिलं की हा आकडा सुरुवातीच्या मात्रांपुरता, भावनेची लय वेगळी असते.

तंतू : बीथोव्हेन मध्ये आणू नका. ज्याचा एफ वाजत नाही त्याने भावनेची लय सांगू नये. हाच बहाणा सगळे करतात.

लयवेडी : बहाणा नाही, पुढची पायरी सांगतेय. जरा नीट वाचा. गाणं १२० ला असेल तर मेट्रोनोम ६० वर ठेवा आणि तो ठोका दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर माना. जमलं की ३० वर, म्हणजे चार मात्रांत एकच ठोका. मधली जागा तुमची तुम्ही भरायची. ठोका तुमच्या आधी पडला तर तुम्ही रेंगाळताय, नंतर पडला तर पळताय.

मोकळासूर : मूळ मुद्दा राहिलाच. १९७३ च्या लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगात ज्या मुलांना चित्र काढण्याआधीच बक्षीस कबूल केलं होतं, ती पुढे मोकळ्या वेळात कमी चित्रं काढू लागली. अचानक बक्षीस मिळालेल्यांचं तसं झालं नाही. सलग दिवस मोजून बिल्ले वाटणारी सरावाची अ‍ॅप्स नेमकं तेच करतात. एक दिवस चुकला की माळ तुटते आणि माणूस वाद्यच सोडतो. माझा राग त्यावर आहे.

तंतू : मग पोस्टमध्ये तसं लिहायचं होतं, सराव कशाला झोडपलात? बिल्ल्यांचं पटलं, तेवढंच. सवयींवर संशोधन करणाऱ्या फिलिपा लॅली यांच्या २०१० च्या अभ्यासात सवय मुरायला माणसागणिक १८ ते २५४ दिवस लागतील असा अंदाज निघाला, आणि एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. पण दहा मिनिटं सोडणार नाही.

मोकळासूर : दहा मिनिटं ठीक. त्यानंतर मात्र काय वाजवायचं ते कोणी सांगू नये.

लयवेडी : आणि त्या दहातली शेवटची दोन ठोक्याशिवाय. रेकॉर्ड करा, मग त्या रेकॉर्डिंगवर मेट्रोनोम लावून ऐका. लय बहुतेक कॉर्ड बदलतानाच घसरलेली सापडेल.