मदत हवी आहे: महाकाय तारे तारकागुच्छाच्या मध्यभागीच का?

नमस्कार मंडळी. काल रात्री दुर्बिणीतून मृगातला तेजोमेघ पाहत होते. जास्त पॉवरचा आयपीस लावला आणि मधला एकच वाटणारा ठिपका फुटून चार तारे सुटे झाले: ट्रॅपेझियम. त्यातला सर्वांत तेजस्वी, थीटा-१ ओरायनिस सी, सूर्याच्या सुमारे ४० पट वस्तुमानाचा. भोवती शेकडो लहान तारे, आणि धिप्पाड मंडळी नेमकी मध्यावर. असं का?

सूर्याच्या ८ पटींहून जास्त वस्तुमानाचे तारे घडताना इतक्या झपाट्याने आकुंचन पावतात की वायू पडत असतानाच आत हायड्रोजन पेटतो. मग त्यांचाच प्रकाश भोवतालच्या धुळीला मागे रेटतो. तरी वायू ताऱ्याभोवती फिरणाऱ्या चकतीतून आत येतो आणि प्रकाश ध्रुवांकडून निसटतो, इथवर समजलं.

घोडं अडलंय ते पुढे. मॅकी आणि टॅन हे खगोलशास्त्रज्ञ म्हणतात, मोठ्या ताऱ्याचा शिधा, म्हणजे वायू, त्याच्याच दाट, खळबळत्या गाभ्यात (तारा ज्यातून घडतो त्या वायूच्या गोळ्यात) आधीपासून साठलेला असतो. बॉनेल आणि बेट हे दुसरे दोघे म्हणतात, वायू साऱ्या गुच्छाचा सामाईक. मध्यावर गुरुत्वाची ओढ खोल, तिथला तारा जास्त ओरपतो. मला दुसरं पटतं. पण मग एकएकटे महाकाय तारे कुठून आले? की तारे कुठेही जन्मून नंतर मध्याकडे सरकतात? गुच्छाचं वय तर जेमतेम १० ते ३० लाख वर्षं!

प्रतिसाद: ताई, जड तारा हलक्यांच्या जवळून जाताना त्यांना वेग देतो, स्वतः मंदावतो आणि मध्याकडे उतरतो. गुच्छ गोल आणि स्थिरावलेला धरून बॉनेल आणि डेव्हिस यांनी १९९८ मध्ये हिशेब केला, तेव्हा ट्रॅपेझियमसाठी वेळ अपुरा पडला. पण गुच्छ मुळात गठ्ठ्यागठ्ठ्यांचा असून आत कोसळत असेल, तर काही काळ मध्य फार दाट होतो आणि हेच काम १० लाख वर्षांत उरकतं. त्यामुळे आजच्या जागेवरून जन्मस्थान ठरवू नका. एकट्या महाकाय ताऱ्यांचा आधी वेग पाहा, ते गुच्छातून बाहेर फेकलेले असू शकतात. एई ऑरिगी आणि म्यू कोलंबी हे दोन तारे मृगातूनच सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी विरुद्ध दिशांना भिरकावले गेले.

धागाकर्ती: मनापासून आभार! म्हणजे तारे होण्याआधीचे जड गाभे कुठे आहेत ते पाहायला हवं ना? ते मध्यावर असतील तर सरकायला वेळच मिळालेला नाही. असे गुच्छ कोणते अभ्यासले गेलेत, कुणी सांगेल का?