मदत हवी आहे: शाश्वत विकासाचा एकत्रित गुण उलटंच चित्र दाखवतोय

बारा निर्देशकांवरून काही विभागांची तुलना करायची आहे. सहा पर्यावरणाचे (पाण्यातलं नायट्रेट, पीएम २.५ म्हणजे हवेतले सूक्ष्म कण, वनाच्छादन वगैरे), सहा सामाजिक (शालेय शिक्षणाची सरासरी वर्षं, बालमृत्यू दर वगैरे). प्रत्येक निर्देशक किमान-कमाल सूत्राने, म्हणजे (आकडा − किमान) ÷ (कमाल − किमान), ० ते १ वर आणला आणि साधी सरासरी काढली. ज्याचं पाणी सर्वांत खराब, तोच विभाग दुसऱ्या क्रमांकावर! शिवाय ज्याचे मूळ आकडे जराही बदलले नाहीत, अशा एका विभागाचा गुण यंदा वाढला. कुठे चुकतंय?

प्रतिसाद १
साधी सरासरी एकीकडची तूट दुसरीकडच्या गुणांनी भरून काढते. शिक्षण ०.९ आणि पाणी ०.१ असेल तर सरासरी ०.५; दोन्ही ०.५ असतील तरी ०.५च. भूमितीय सरासरी घ्या, म्हणजे बेरजेऐवजी गुणाकार करून त्याचं मूळ काढा (दोन आकडे असतील तर वर्गमूळ): पहिल्याला ०.३ मिळतील, दुसऱ्याला ०.५. मानव विकास निर्देशांकानेही २०१० पासून हीच पद्धत घेतली. मात्र बाराही निर्देशक थेट गुणू नका. पाणी, हवा, आरोग्य, शिक्षण असे गट पाडा. गटात साधी सरासरी, गटागटांत भूमितीय.

प्रतिसाद २
त्याआधी नायट्रेटचा रकाना बघा. समजा आकडे ८, १२, १५, २० आणि १८० मिग्रॅ/लिटर आहेत. नायट्रेट जितकं कमी तितकं चांगलं, म्हणून सूत्र उलटं: (१८० − २०) ÷ (१८० − ८) = ०.९३. एका टोकाच्या आकड्यामुळे बाकीचे चारही ०.९३ ते १ मध्ये चेपले गेले, त्यांच्यातला फरकच पुसला गेला. वर्षागणिक गुण हलतो तोही यामुळेच: किमान-कमाल दरवर्षीच्या माहितीतून घेतलं की मोजपट्टीच सरकते. टोकं एकदाच ठरवा. जागतिक आरोग्य संघटनेची नायट्रेटची मर्यादा ५० आहे. ५० ला आणि त्यावरच्या सगळ्यांना शून्य, आणि ० ला एक धरा. मग २० ला ०.६ मिळतात, ८ ला ०.८४.

धागाकर्ता
तसं केलं. पण पाण्याच्या गटात सध्या नायट्रेट एकटंच आहे. १८० वाल्याला शून्य मिळालं आणि त्याचा पूर्ण गुणच शून्य झाला.

प्रतिसाद १
भूमितीय सरासरीत तसं होणारच. तळ ठेवा, म्हणजे गटाचा गुण ०.०५ च्या खाली जाऊ देऊ नका. हा आकडा तुमचा निर्णय आहे, म्हणून अहवालात स्पष्ट लिहा. ०.०१ आणि ०.१ धरूनही क्रमवारी काढून बघा. क्रम उलटापालटा होत असेल तर क्रमांक छापूच नका, नुसते तीन स्तर दाखवा.

प्रतिसाद २
रिकाम्या घरांत शून्य पडलेलं नाही ना? स्प्रेडशीटमध्ये ते फार सहज होतं, आणि ज्याची मोजणीच झाली नाही तो विभाग सर्वांत वाईट ठरतो. गुणाशेजारी मूळ आकडा एककासह ठेवाच. पाण्यात १८० मिग्रॅ नायट्रेट आहे हे वाचणाऱ्याला थेट दिसलं पाहिजे, तिथे त्या पाण्यात कालवलेलं दूध बाटलीने पिणाऱ्या तान्ह्या बाळांना धोका असतो.