सुरक्षा सूचनेतला ‘लोकल युजर’ मराठीत कसा लिहावा?

प्रश्न

आमच्या वाचनालयातल्या संगणकांवर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) आहे. ते सांभाळणाऱ्या मुलांसाठी कर्नेलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या मुख्य भागाच्या, सुरक्षा सूचना मी मराठीत करून देते. नमुना म्हणून ‘डर्टी पाइप’ या कर्नेलमधल्या दोषाची मार्च २०२२ ची सूचना घेतली. ‘लोकल युजर’साठी ‘स्थानिक वापरकर्ता’ लिहिलं, तर एका मुलाने विचारलं, “म्हणजे आपल्याच गावातला का?” दुसरा शब्द सुचवाल का? ‘प्रिव्हिलेज एस्कलेशन’ला, म्हणजे साध्या खात्यावरून जास्तीचे अधिकार मिळवण्याला, ‘विशेषाधिकार वृद्धी’ चालेल का? आणि कर्नल की कर्नेल?

प्रतिसाद

ताई, त्या मुलाची शंका अगदी रास्त आहे. ‘स्थानिक’ म्हटलं की आपल्याला गाव, तालुका, स्थानिक स्वराज्य संस्था आठवते. इथे जागेचा संबंधच नाही. परदेशात बसून एसएसएचने (दुरून संगणक वापरायच्या सोयीने) लॉगिन झालेला माणूसही या अर्थाने ‘लोकल’च. म्हणून मी सरळ ‘ज्याला या संगणकावर आधीच प्रोग्राम चालवता येतो असा कोणीही’ असं लिहीन. लांब आहे, पण चुकीचा दिलासा देत नाही. ‘लोकल आहे ना, मग बाहेरच्यांची भीती नाही’ असं म्हणून सूचना बाजूला टाकणारे पुष्कळ आहेत. ब्राउझरमधल्या किंवा वेब सर्व्हरमधल्या एखाद्या दोषातून कोणी आत शिरला, की त्या क्षणापासून तोही लोकलच झाला.

‘वृद्धी’ मला पटत नाही. ती हळूहळू होते, रीतसर होते. डर्टी पाइपमध्ये साध्या खात्यावरून थेट रूटचा, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याचा, ताबा मिळत होता, तेव्हा ‘रूटचा ताबा मिळवणे’ असंच लिहा. हा दोष नीट कळला तर शब्दही आपोआप सुचतात. फाइल वाचायची परवानगी आहे, लिहायची नाही. तरी तिची मेमरीतली प्रत बदलता येत होती. कारण पाइपच्या (एका प्रोग्रामचा डेटा दुसऱ्याकडे नेणाऱ्या) व्यवस्थेत एक खूण नव्याने भरायची राहून जात होती आणि आधीच्या कामाची खूण तशीच उरत होती. प्रोग्रामर मॅक्स केलरमान यांना हे सापडलं ते खराब झालेल्या लॉग (नोंदींच्या) फाइलींमुळे. जीझिपने दाबून लहान केलेल्या या फाइलींचे शेवटचे आठ बाइट बिघडलेले निघायचे आणि त्या जागी झिप फाइलीच्या शीर्षकाचे बाइट दिसायचे. एवढ्या धाग्यावरून ते कर्नेलपर्यंत पोचले. असा चिवटपणा मला फार मोलाचा वाटतो.

आणि ‘कर्नेल’च लिहा. कर्नल लष्करातले. ‘गाभा’ हा शब्द सुंदर आहे, पण पडद्यावर तो कुठेच दिसत नाही, मुलं शोधत बसतील.

प्रतिसाद

वरच्या मताशी सहमत. मला जास्त काळजी ‘आवृत्ती’ या शब्दाची वाटते. कर्नेलच्या मूळ विकासकांनी ही दुरुस्ती ५.१०.१०२ मध्ये दिली. डेबियन ११ मध्ये मात्र ती ५.१०.९२-२ या पॅकेजमध्ये आली. डेबियनवाले नेमकी दुरुस्ती उचलून जुन्या आवृत्तीत घालतात. नुसतं ‘१०२ च्या आधीची आवृत्ती धोकादायक’ लिहिलंत, तर ९२ पाहून मुलं घाबरतील, नाहीतर कुठून तरी नवं कर्नेल उतरवून बसवतील. ‘डेबियनचा पॅकेज क्रमांक’ हेच शब्द वापरा.

तो बघायचा कसा, हेही लिहा. ‘युनेम -आर’ ही कमांड दिल्यावर ५.१०.०-११ असं काहीतरी येतं, आणि दुरुस्तीच्या आधी व नंतर ते तसंच राहू शकतं. ‘युनेम -व्ही’ दिलं की डेबियनचा पॅकेज क्रमांक आणि तारीख दिसते.

प्रतिसाद

‘अपडेट केलं’ या शब्दांपासूनही जपा. ‘एपीटी अपडेट’ ही कमांड फक्त पॅकेजांची यादी ताजी करते, बसवत काहीच नाही. बसवण्याचं काम ‘एपीटी अपग्रेड’ करते. आपण बोलताना दोन्हीला अपडेटच म्हणतो, म्हणून मुलं पहिली कमांड देऊन निर्धास्त होतात. मराठीत ‘यादी ताजी करा’ आणि ‘पॅकेज बसवा’ असे दोन वेगळे शब्दप्रयोग ठेवा.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. मजकूर आता असा केला आहे:

“कर्नेलमध्ये दोष सापडला आहे. ज्याला या संगणकावर आधीच प्रोग्राम चालवता येतो, असा कोणीही त्यातून रूटचा ताबा मिळवू शकतो. डेबियन ११ साठी दुरुस्ती ५.१०.९२-२ या पॅकेजमध्ये आहे. आधी यादी ताजी करा, मग पॅकेज बसवा, नंतर संगणक रीबूट करावा.”

प्रतिसाद

छान उतरलंय. शेवटचं वाक्य तेवढं बदला. ‘रीबूट करावा’ हे विनंतीसारखं वाटतं आणि संध्याकाळवर ढकललं जातं. नवं कर्नेल डिस्कवर बसलं तरी मेमरीत जुनंच चालू असतं. ‘रीबूट केल्याशिवाय दुरुस्ती लागू होत नाही, रीबूटनंतर युनेम -व्ही देऊन क्रमांक पाहा’ असं लिहा.